अब्दुलहुसैन सेपंता: मुंबईत घडलेला फारसी बोलपटांचा नट आणि दिग्दर्शक

प्रश्न असा आहे: पहिला फारसी बोलपट मुंबईत तयार झाला आणि त्यातला नायक पुढे दिग्दर्शक झाला, हे खरं का? तो कोण, मुंबईत कसा पोचला, आणि चार-पाच चित्रपटांतच त्याची कारकीर्द का थांबली? शिवाय आज तो चित्रपट एखाद्या मंडळात दाखवायचा किंवा त्यावर लिहायचं, तर काय तपासून घ्यावं?

आधी थोडक्यात उत्तर. होय, खरं आहे. हे अब्दुलहुसैन सेपंता. जन्म १९०७, तेहरान. मृत्यू १९६९, इस्फहान. १९३३ मधला ‘दोख्तरे लोर’, म्हणजे ‘लोर जमातीची मुलगी’, हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यात ते लेखक आणि नायक होते, दिग्दर्शक म्हणून नाव अर्देशीर इराणी यांचं. त्यानंतरचे चार चित्रपट सेपंता यांनी स्वतः दिग्दर्शित केले: ‘फिरदौसी’, ‘शिरीन व फरहाद’, ‘चश्महाये सियाह’ (काळे डोळे) आणि ‘लैली व मजनून’. पाचही भारतात बनले; पहिले चार मुंबईत, शेवटचा कलकत्त्यात. १९३६ मध्ये ते मायदेशी परतले आणि त्यांच्या हातून पुन्हा एकही मोठा चित्रपट झाला नाही.

ते दिग्दर्शक का झाले आणि का थांबले, या दोन्हींचं मूळ एकाच गोष्टीत सापडतं. मुंबईच्या स्टुडिओत यंत्रं होती, पैसा होता, तंत्रज्ञ होते. फारसी मात्र एकट्या सेपंतांच्या मुठीत होती. बोलपटात भाषा ज्याच्या हाती, त्याच्याकडे हळूहळू सगळा चित्रपटच येतो. आणि ज्या भाषेमुळे ते मुंबईत अडल्याशिवाय पुढे सरकले, तिचा प्रेक्षक मात्र समुद्रापलीकडे होता. स्टुडिओ एका देशात, तिकीटखिडकी दुसऱ्या देशात, आणि मधे जकात, परवाने, दरबाराची मर्जी. ही ओढाताण चार वर्षं चालली, हेच नवल.

आता सविस्तर.

नावापासून सुरुवात करावी लागते. ‘सेपंता’ हे घराण्याचं आडनाव नाही. अवेस्ता या झरतुष्ट्री धर्मग्रंथात ‘स्पेंता’ म्हणजे पवित्र, कल्याणकारी. त्यावरून त्यांनी हे नाव घेतलं. आधीचं आडनाव शिराजी. जन्माने ते मुसलमान, पण तेहरानमध्ये झरतुष्ट्री शाळेत शिकले आणि इस्लामपूर्व इराणच्या इतिहासाची ओढ तिथेच लागली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते भारतात आले ते या अभ्यासासाठी, सिनेमासाठी नव्हे. हा मुद्दा बऱ्याच लेखांत निसटतो आणि मग त्यांचे विषय असे का, हे कोडं राहतं. फिरदौसी, शिरीन-फरहाद, लैला-मजनू ही निवड नुसत्या गल्ल्याकडे पाहणाऱ्या नटाची नाही. फारसी काव्य आणि प्राचीन इतिहास यांत बुडालेल्या माणसाची आहे.

मुंबईत त्यांना दोन मोठी माणसं भेटली. दिनशा जीजीभाय इराणी हे सॉलिसिटर, फारसीचे जाणकार आणि मुंबईतल्या इराणी झरतुष्ट्री समाजाचे पुढारी. १९३२ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर इराणला गेले तेव्हा सोबत असलेले तेच दिनशा. दुसरे बेहरामगोर अंकलेसरिया, इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेचे विद्वान. या वर्तुळात राहून सेपंतांनी झरतुष्ट्र आणि प्राचीन इराण यांवर लिखाण केलं, मुंबईतून ‘दूरनमाये ईरान’ नावाचं फारसी पत्रही काढलं. दिनशांनीच त्यांची गाठ अर्देशीर इराणी यांच्याशी घालून दिली.

अर्देशीर इराणी आपल्याला ‘आलम आरा’मुळे ठाऊक असतात. जन्म १८८६, पुणे. इम्पिरियल फिल्म कंपनी १९२६ ची. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि भारतात बोलपट सुरू झाला. त्याच वर्षी इम्पिरियलने ‘कालिदास’ काढून दक्षिणेतल्या भाषांकडे मोर्चा वळवला. म्हणजे स्टुडिओ तोच, सेट तोच, भाषा बदलायची, ही कंपनीची रीत सेपंता येण्याआधीच बसलेली होती. त्या रीतीत फारसी ही आणखी एक भाषा, आणि इराणमध्ये तोवर स्वतःचा बोलपट नव्हताच. तिथे १९३० मध्ये ओवानेस ओहानियान यांचा ‘आबी व राबी’ हा पहिला कथापट आला होता, पण मूक. बाजार मोकळा होता. अर्देशीर यांनी तो हेरला.

मराठी वाचकाला इथे एक तुलना उपयोगी पडेल. १९३२ मध्ये प्रभातने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला तेव्हा मागे संगीत नाटकाची अर्धशतकाची पुण्याई होती. गाणारे नट, पाठांतर असलेले नट, पल्ल्याचे संवाद लिहिणारे लेखक, तबला-पेटीवाले, सगळे तयार. मुंबईत फारसी बोलपट करणाऱ्याच्या पाठीशी यातलं काही नव्हतं. शहरात इराणमधल्या यझद-केर्मानकडून आलेले इराणी होते, चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारे. पण पडद्यावर उभं राहणारी फारसी नटमंडळी नव्हती. लिहिणार कोण? सेपंता. नायक कोण? सेपंता. बाकीच्यांचे उच्चार कोण घटवणार? तेही सेपंताच. ‘दोख्तरे लोर’च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक अर्देशीर आहेत आणि तो मान त्यांचाच, पण संवादाची एखादी फेक चुकली की नाही, हे ठरवायचं तर कॅमेऱ्यामागची बहुतेक माणसं नायकाच्या तोंडाकडे पाहणार. दिग्दर्शनाचं शिक्षण सेपंतांना मिळालं ते असं, काम करता करता.

कथा अशी. जाफर हा सरकारी माणूस, दक्षिणेकडच्या दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी पाठवलेला. वाटेतल्या चहाखान्यात नाचणारी गुलनार त्याला भेटते. लहानपणी दरोडेखोरांनी पळवलेली मुलगी. टोळीचा म्होरक्या कुलीखान तिच्यावर डोळा ठेवून आहे. मारामाऱ्या, सुटका, पाठलाग, आणि शेवटी दोघं जीव वाचवून मुंबईला पळतात. इराणात नवी राजवट येऊन सुव्यवस्था लागल्याचं कळल्यावर परततात. गुलनार झाली रूहंगीज सामीनेजाद, जाफर स्वतः सेपंता, कुलीखान सोहराब पुरी, आणि हादी शिराजी आणखी एका भूमिकेत.

हा मुंबईचा शेवट नीट पाहा. चित्रपटाचं दुसरं नाव ‘काल‍चा इराण आणि आजचा इराण’ असं होतं, आणि कथेचा काळ दोन भागांत तोडलेला आहे: आधीचा अंदाधुंदीचा, नंतरचा रझाशाहच्या, म्हणजे इराणच्या तेव्हाच्या राजाच्या, सुधारणांचा. ही राजनिष्ठा कथेला शेवटी जोडलेली आहे, तिच्यातून उगवलेली नाही, जोड दिसते. पण ती नसती तर चित्रपट इराणमध्ये लागला असता का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. लोर जमातीचं चित्रण एकतर्फी आहे, हेही खरं. १९२० च्या दशकात रझाशाहने लोरिस्तानात लष्कर घालून टोळ्या मोडल्या होत्या, आणि चित्रपट त्या मोहिमेच्या बाजूने बोलतो. दाखवताना प्रस्तावनेत हे सांगावं. लपवलं तर लोर प्रेक्षकाचा अपमान होतो आणि बाकीच्यांना अर्धाच चित्रपट कळतो.

आता सर्वांत मोलाची गोष्ट: आवाज.

‘आलम आरा’ची प्रत आज कुठेही नाही. ‘दोख्तरे लोर’ मात्र उरला आहे. तो त्याच कंपनीचा, दोनच वर्षांनंतरचा. इम्पिरियलच्या सुरुवातीच्या बोलपटांचा आवाज, सेटची खोली, नटांचं उभं राहणं कसं होतं, हे कानाडोळ्यांनी अनुभवायचं तर मराठी अभ्यासकानेही हा फारसी चित्रपट पाहायला हवा. आपल्याकडे याची फारशी दखल घेतली जात नाही, याचं वाईट वाटतं.

तेव्हाचं तंत्र थोडं समजून घेतलं की पाहणं सोपं होतं. ‘आलम आरा’ टॅनर यंत्रणेवर झाला. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उतरत. वेग सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ३५ मिलिमीटरच्या १००० फुटी रिळात साधारण ११ मिनिटं. आता अडचण अशी की प्रक्षेपणयंत्रात चित्राची खिडकी आणि आवाजाचा दिवा एका जागी नसतात, त्यामुळे आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. एकाच पट्टीवर दोन्ही असले की संकलकाने चित्र जिथे कापलं तिथे आवाज पाऊण-एक सेकंद पुढचा तुटतो. म्हणून वाक्य संपल्यावर नट क्षणभर थांबतो आणि मगच दृश्य बदलतं. आजच्या प्रेक्षकाला ते मंद, नाटकी वाटतं. बहुतेकदा तो अभिनयाचा दोष नसतो. कात्रीला जागा ठेवलेली असते.

दुसरी अडचण धुलाईची. फिल्म रसायनात धुऊन प्रतिमा उमटवताना चित्राला एक रीत हवी, आवाजाच्या पट्टीला दुसरी. एकाच फिल्मवर दोन्ही असली तर रसायनात एकाला झुकतं माप द्यावं लागतं. चेहरे नीट आले तर आवाज खरखरतो, आवाज स्वच्छ आला तर चेहरे जास्त काळे-पांढरे. तिसरी अडचण बाहेरच्या गोंगाटाची. इम्पिरियलचा स्टुडिओ केनेडी पुलाच्या बाजूला, रेल्वे रुळांजवळ. ‘आलम आरा’चं चित्रण गाड्या थांबल्यावर रात्री उशिरा करावं लागे आणि मायक्रोफोन सेटवरच्या वस्तूंमागे लपवत. या पार्श्वभूमीवर जुन्या बोलपटातली रचना वाचता येते: माणसं एखाद्या टेबलाभोवती, खांबाजवळ का घुटमळतात? कान तिकडे असतो म्हणून. चालता चालता संवाद क्वचित का? मायक्रोफोन सोबत चालत नाही म्हणून. ‘दोख्तरे लोर’ पाहताना बोलण्याचे आणि हालचालीचे प्रसंग वेगवेगळे मोजत जा. बराच उलगडा होईल. घोडदौड आणि पाठलाग यांत चित्रपट मोकळा श्वास घेतो, कारण तिथे बोलायचं नसतं.

रूहंगीजबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मुंबईत फारसी बोलणारी, कॅमेऱ्यासमोर यायला तयार अशी स्त्री मिळणं हीच सर्वांत अवघड गोष्ट होती. रूहंगीज स्टुडिओत काम करणाऱ्या एका इराणी माणसाची पत्नी, केर्मान प्रांतातल्या बमची, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. तिच्या बोलण्यात केर्मानी हेल पक्का. लोर मुलीच्या तोंडी केर्मानी हेल म्हणजे वऱ्हाडातल्या नायिकेच्या तोंडी मालवणी चाल. सेपंतांनी तिला पुस्तकी फारसी बोलायला लावण्याऐवजी लिखाणातच त्या उच्चारांना जागा करून दिली. चहाखान्यातलं तिचं वाक्य इराणमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे: तेहरान जागा छान म्हणतात, पण तिथली माणसं वाईट. ती ‘तेहरून’ म्हणते, तेही ठसक्यात. फारसी येत नसेल तरी हा प्रसंग दोनदा ऐका. आधी जाफरचं मोजूनमापून बोलणं, लगेच तिचं अंगणातलं बोलणं. पहिल्याच फारसी बोलपटात प्रमाणभाषा आणि बोली समोरासमोर बसल्या, आणि जिंकली बोली.

जिंकलेल्या बोलीची किंमत मात्र त्या मुलीने मोजली. पडद्यावर उघड्या चेहऱ्याने बोलणारी-नाचणारी इराणी मुसलमान स्त्री म्हणून तिला रस्त्यात शिव्या, छळ सोसावा लागला. ‘शिरीन व फरहाद’मध्ये ती आणखी एकदा दिसली आणि मग पडद्यापासून कायमची दूर गेली, १९९७ मध्ये वारली, बहुतेक आयुष्य एकांतात. सेपंतांची कारकीर्द सांगताना तिला तळटीप करू नये. मोहसिन मखमलबाफ यांनी १९९२ च्या ‘नासेरुद्दीनशाह, सिनेमाचा नट’मध्ये गुलनारला जुन्या पडद्यातून बाहेर काढून काजार बादशहासमोर उभं केलं आहे, फातेमे मोतमेदआर्या यांनी ती केली. इराणी सिनेमाला आपली सुरुवात आठवते ती या मुलीच्या रूपात.

‘दोख्तरे लोर’ १९३३ अखेर तेहरानमध्ये मायाक आणि सेपाह या चित्रगृहांत लागला आणि तुफान चालला. लोक पुन्हा पुन्हा येत. स्वतःची भाषा पडद्यावरून ऐकण्याचं अप्रूप काय असतं, ते ज्यांनी आपल्या आजोबांकडून पहिल्या मराठी बोलपटांच्या आठवणी ऐकल्यात त्यांना सांगायला नको. त्याच सुमाराला ओहानियान यांचा ‘हाजी आगा’ लागला होता. इराणमध्ये बनलेला, कल्पक, पण मूक. तो आपटला. एका अर्थी मुंबईच्या बोलपटाने तेहरानचा मूकपट गिळला.

आता दिग्दर्शक सेपंता. ‘फिरदौसी’ हा पहिला, १९३४ चा. त्या वर्षी ऑक्टोबरात कवी फिरदौसीच्या सहस्राब्दीचा सोहळा झाला, तूस इथल्या समाधीचं उद्‌घाटन झालं, देशोदेशीचे विद्वान आले. त्यासाठी सरकारी पुढाकाराने हा चित्रपट. कवी स्वतः सेपंता, सुलतान महमूद गझनवी झाले नुसरतुल्लाह मोहतशम. दंतकथा प्रसिद्ध आहे: शाहनामा या त्याच्या महाकाव्याच्या ओळींसाठी सोन्याचा वायदा, हातात मात्र चांदी, सोनं येतं तेव्हा कवीची अंत्ययात्रा वेशीबाहेर पडते आहे. या कथेत राजा कोता ठरतोच, दुसरा मार्ग नाही. आणि चित्रपट पाहायला बसला स्वतः राजा. महमूदच्या चित्रणावर नाराजी आली, काही दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली. एवढं करून चित्रपट सोहळ्यापुरता राहिला, प्रेक्षकांत मुरला नाही.

इथे काय चुकलं, हे नट-दिग्दर्शकांचा अभ्यास करणाऱ्यांनी बारकाईने पाहावं. गुणवत्तेचा प्रश्न नव्हता. सरकारच्या पैशाने ऐतिहासिक व्यक्तिरेखा करताना कथेतला राजा कोणाला आरसा वाटेल, याचा अंदाज लेखकाला आधी घ्यावा लागतो. मुंबईत बसलेल्या सेपंतांना तो तेहरानच्या दरबाराच्या अंगाने घेता आला नाही. अंतराचा पहिला फटका हा.

‘शिरीन व फरहाद’ही इम्पिरियलचाच. फारसी कवी निजामीच्या काव्यावर आधारलेला. फरहाद सेपंता, शिरीन फख्रुज्जमान जब्बार वझिरी, गायनाचं अंग असलेल्या. त्यापुढच्या दोन्ही चित्रपटांत नायिका त्याच. इथे सेपंतांनी संवादांचा मोठा भाग पद्यात, गात ठेवला. भारतीय बोलपटाची संगीतप्रधान चाल आणि फारसी पद्याची परंपरा यांचा हा सांधा आहे, आणि माझ्या मते त्यांची खरी दिग्दर्शकीय झेप हीच. पार्श्वगायन तेव्हा रूढ झालेलं नव्हतं; १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून ते भारतात मूळ धरू लागलं. म्हणजे जो पडद्यावर दिसणार त्यानेच, त्याच क्षणी, कॅमेरा चालू असताना गायचं. एक सूर हलला की सगळा प्रसंग पुन्हा, आणि फिल्मही पुन्हा. पद्यसंवाद घेतले की हा धोका प्रत्येक मिनिटाला. गाऊ शकणारी नायिका शोधण्यामागे एवढं कारण पुरेसं होतं.

‘चश्महाये सियाह’ १९३६ चा, मुंबईच्याच कृष्णा फिल्म कंपनीसाठी. नादिरशाहच्या हिंदुस्थानवरच्या स्वारीच्या पार्श्वभूमीवरची प्रेमकथा. कंपनी बदलली ही यातली लक्षात घेण्यासारखी बाब: इम्पिरियलला फारसीत पहिल्यासारखा रस उरला नव्हता, तेव्हा सेपंतांना भाषेसाठी नवा मालक शोधावा लागला. मग कलकत्ता. ईस्ट इंडिया फिल्म कंपनी, खेमका यांची. तिथे ‘लैली व मजनून’. मजनून सेपंता, लैली फख्रुज्जमान. हाताशी तोवर चार चित्रपटांचा अनुभव होता, आणि मनात एक गोष्ट पक्की झाली होती: स्टुडिओ आता इराणमध्येच उभा राहिला पाहिजे.

सप्टेंबर १९३६ मध्ये ते ‘लैली व मजनून’ची प्रत घेऊन बुशेहर बंदरात उतरले. तिथून पुढे जे झालं त्याला एक खलनायक नाही. अधिकाऱ्यांकडे स्वागत नव्हतं, अडवणूक होती. कागदपत्रांत अडकलेला चित्रपट म्हणजे दिवसागणिक घटणारा माल. चित्रगृहांच्या मालकांना परदेशी चित्रपट सहज मिळत होते, त्यांनी फारसी चित्रपटासाठी हात आखडता घेतला. एकच प्रत हाती, तीही बाहेरच्या कंपनीची, भाव पाडून मागणारे समोर. शेवटी मिळेल त्या किमतीत सोडावा लागला. स्टुडिओचा प्रस्ताव कुणी मनावर घेतला नाही. भारतात परतायचा विचार होता, पण आईच्या आजारपणाने इस्फहानला थांबवलं, आणि तिथल्या लोकरीच्या गिरणीत त्यांनी नोकरी धरली.

नायक, लेखक, दिग्दर्शक, पाच बोलपट, वय एकोणतीस. आणि गिरणी.

इराणी सिनेमाचंच तेव्हा काय झालं ते पाहिलं की हा एका माणसाचा पराभव वाटत नाही. ‘लैली व मजनून’नंतर १९४८ पर्यंत एकही फारसी कथापट आला नाही. त्या वर्षी आलेला ‘तूफाने जेंदेगी’ हा इराणच्या भूमीवर बनलेला पहिला बोलपट. निर्माते इस्माईल कूशान, दिग्दर्शक अली दर्याबेगी. म्हणजे मुंबई-कलकत्त्याचा नळ बंद झाला आणि अकरा वर्षं पाणी आलं नाही.

सेपंता लिहीत राहिले. १९४३ पासून इस्फहानहून ‘सेपंता’ याच नावाचं वर्तमानपत्र काढलं, ते पन्नाशीच्या दशकापर्यंत चाललं. नंतर अमेरिकी मदतीच्या योजनेत काम केलं. साठच्या दशकात त्यांनी ८ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आणि छोटे चित्रपट केले. त्यातल्या एकाचं नाव ‘पाईझ’, म्हणजे शरद-पानगळ. मार्च १९६९ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी मोहम्मद तहामीनेजाद यांनी इराणी सिनेमाच्या सुरुवातीवर माहितीपट केला, त्याच्या नावात ‘मश्रूतियतपासून (घटनात्मक क्रांतीपासून) सेपंतांपर्यंत’ असा टप्पा आहे. जाणकारांनी त्यांना युगाची खूण मानलं, पण ते ऐकायला सेपंता उरले नव्हते.

आता ज्यांना काम करायचंय त्यांच्यासाठी.

सनावळीत लोक हमखास गोंधळतात. ‘शिरीन व फरहाद’ कुठे १९३४, कुठे १९३५. ‘लैली व मजनून’ कुठे १९३६, कुठे १९३७. चूक नेहमीच लेखकाची नसते. इराणी सौर वर्ष २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. २१ मार्च ते ३१ डिसेंबर असेल तर इराणी सनात ६२१ मिळवा, १ जानेवारी ते २० मार्च असेल तर ६२२. इराणी १३१२ म्हणजे २१ मार्च १९३३ ते २० मार्च १९३४. नुसता सन दिला असेल आणि महिना नसेल, तर दोन इसवी सनांपैकी एकाचा हट्ट धरू नका, दोन्ही लिहा. त्यातही निर्मितीचं वर्ष आणि तेहरानमध्ये लागल्याचं वर्ष वेगळं असू शकतं, कारण मधे जहाज आणि जकात आहे.

नावं शोधताना रूपं बदलून पाहा. सेपंता, सिपंता, स्पंता. दोख्तर, दुख्तर. लोर, लुर. इराणमध्ये ‘दोख्तरे लोर’ हा ‘जाफर व गुलनार’ या नावानेही ओळखला जातो. पोस्टरवर ते दिसलं तर वेगळा चित्रपट समजू नका. मुंबईच्या बाजूने शोधायचं तर इम्पिरियलच्या जाहिरातींसाठी त्या काळातली गुजराती वर्तमानपत्रं, ‘मुंबई समाचार’ आणि ‘जामे जमशेद’, आधी चाळा. इराणी-पारशी समाजाच्या बातम्या तिथे येत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इम्पिरियलच्या छायाचित्रांसाठी आणि पुस्तिकांसाठी पाहावं. फारसी बाजूने तेहरानचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे ‘फिल्मखानेये मेल्ली’.

दाखवायचा असेल तर प्रत आधी पूर्ण बघा, नुसती सुरुवात नव्हे. फिरत असलेल्या प्रतींची लांबी सारखी नाही. मुंबईतला शेवटचा भाग आहे ना, हे खास तपासा. तो नसेल तर पलायनापर्यंतच कथा संपते आणि ‘कालचा-आजचा’ हा सगळा डाव गायब होतो. आवाजासाठी स्पीकर मोठे करू नका. खालचा धडधडाट आणि वरची खरखर थोडी कमी करून मधला पट्टा, जिथे माणसाचं बोलणं बसतं, तो मोकळा ठेवा. ओळींची भाषांतरं स्वतः करणार असाल तर गुलनारचे संवाद प्रमाण मराठीत उतरवू नका. एखादी बोली निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. जाफरला पुस्तकी मराठी द्या. हे केलं नाही तर चहाखान्यातला प्रसंग निव्वळ प्रेमप्रसंग होऊन बसतो.

आणि शेवटाकडे मुंबईतल्या घरातला प्रसंग आला की खोलीत अंधारच ठेवा, लोकांना बोलू देऊ नका. गुलनार पियानोवर बसलेली, जाफर मायदेशावरचं गाणं म्हणतोय. चहाखान्यात नाचणारी मुलगी आता युरोपी वेशात, परक्या शहरात, वाद्यासमोर. हा सेट ज्या शहरात लागला तेच हे शहर आहे, हे प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा. मग ते त्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने बघतात.